भोकाची मागची बाजू

कान्हूनं ऐन खंडेनवमीला भिमाजीच्या लग्नातल्या पाटाला आरपार भोक पाडलं आणि त्यामुळे आमचा कारखाना वाचला. पण हे अजून घडलेलं नाही. मी सांगितलं नाही, तुम्ही वाचलं नाही. सध्या पाट कार्ल्याला भिमाजीच्या घरी भिंतीला टेकून उभा आहे, त्याला कुठंही भोक नाही, आणि कान्हू लोणावळ्यात, कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीसमोर बोथट ड्रिल हातात घेऊन उभा आहे.

“कालच न्हेलंस की नवं,” भिमाजी खिडकीतून म्हणाला.

“न्हेलतं. त्येचंच ह्ये झालं.”

“एका दिसात?”

“दुपारच्यालाच झालतं. मंग तसंच दाबत बसलो.”

भिमाजीनं ड्रिल उजेडात धरलं, टोकावरून अंगठा फिरवला आणि नांदायला गेलेली पोरगी वाळून परत आल्यासारखं तोंड केलं.

“ह्ये लोखंडात म्हैनाभर जातं, कान्हू. म्हैनाभर. आन् तू कागदावानी तक्त्यात भोकं पाडतुयास.”

“कागूद न्हाई, भाऊ. काच हाय त्यात.”

“मला दिसंना काच.”

“मलाबी दिसत न्हाई. खाजती निस्ती.”

भिमाजी कारखाना उघडल्यापासून स्टोअरकीपर होता. ड्रिलं तो तेलकट कागदात गुंडाळून ठेवायचा आणि देताना अशी द्यायचा, की घेणाऱ्यानं ती परत करावीत असं वाटावं. जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी कुणाच्या तरी पिशवीतून बाजारात जाते, अशी त्याची पक्की समजूत होती. लोखंडात महिनाभर टिकणारं ड्रिल तक्त्यात दुपारपर्यंत मरतं, हे काही त्याला पटेना. त्यानं त्याचा उलगडा असा केला, की कान्हू नवी ड्रिलं विकतो आणि कुठून तरी जुनी, बोथट आणून दाखवतो. इतकी बोथट ड्रिलं या माणसाला कुठं मिळत असतील, हा विचार त्यानं केला नव्हता. सगळेच विचार एकट्या स्टोअरकीपरनं करायचे म्हटलं तर स्टोअर कोणी सांभाळायचं?

हे एकोणसत्तर सालचं. आमच्या कारखान्यात रेल्वेच्या वीजघरांसाठी तक्ते बनत. त्या तक्त्यांवर मीटर आणि स्विच बसायचे, म्हणून त्यांना भोकं पाडायची, आणि भोकं कान्हू पाडायचा. आधी तक्ते बेकेलाइटचे, म्हणजे कडक काळ्या प्लास्टिकचे, होते तोवर सगळं सुखात चाललं होतं. मग फायबर ग्लास आलं. म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड. त्याचे थरावर थर राळेत भिजवून, तापवून, दाबून एकजीव केलेले. निदान बघणाऱ्याला ते एकजीव वाटतात. ड्रिल आत शिरलं की एकेक धागा त्याची धार खातो. धार गेलेलं ड्रिल कापत नाही, नुसतं ढकलतं. वरचे थर ढकलले तर त्यांना खालच्या थरांचा आधार असतो. शेवटच्या थराखाली मात्र कोणीच नाही. तक्ता दोन लोखंडी पट्ट्यांवर ठेवलेला, खाली पोकळी, कारण ड्रिल मशीनच्या टेबलाला लागता कामा नये, अशी भिमाजीची ताकीद. मग तो शेवटचा थर फुगायचा, सुटायचा, आणि मागच्या बाजूला भोकाभोवती पांढरी झालर यायची. खारी बिस्किटासारखे पापुद्रे.

पुढून बघाल तर भोक इतकं सुरेख, की त्यातून डोळा लावून जग बघावं. मागून बघाल तर उंदरानं कुरतडल्यासारखं.

तपासणीच्या टेबलावर मी बसायचो. वाईट भोकाला लाल खडूनं गोल करायचा, एवढंच माझं काम. त्या दिवसांत कारखान्यात ड्रिलच्या खालोखाल लाल खडू संपला. खडू विकतो असा आळ माझ्यावर कोणी घेतला नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

पहिला सगळा माल रेल्वेनं परत पाठवला. मालक रेल्वेच्या तपासनीसाला म्हणाले होते, “अहो, तक्ता भिंतीला लागून उभा राहणार. मागची बाजू कोणाला दिसणार आहे?”

“धुक्याला,” तपासनीस म्हणाला.

ते खरं होतं. घाटातलं धुकं सुटलेल्या थरांत शिरतं आणि धुक्याच्या मागोमाग वीज. मग मीटर काहीही दाखवतो आणि स्विचला हात लावणारा माणूस काहीच दाखवत नाही.

इकडे चोरीचा आळ कुरवंड्यात पोचायला एक आठवड्याचा बाजार पुरला. कान्हू कुरवंड्याचा, रोज पायी येणारा. त्याच्या कपड्यांतली काचेची पूड घरभर खाजकुइलीसारखी पसरते म्हणून त्याची बायको गंगी ते कपडे वेगळ्या दगडावर धुवायची. आता आळ आला म्हणजे लोक तोंड फिरवतात, अशी आपली कल्पना. कुरवंड्यात तसं झालं नाही. लोक ड्रिलं घ्यायला येऊ लागले.

एका रविवारी भाजेहून गेणू आला. हा शेतातले पंप दुरुस्त करायचा. चढ चढून आल्यामुळे दम लागलेला, तरी चेहऱ्यावर गिऱ्हाइकाचा संकोच.

“राम राम. कान्हू तुमीच न्हवं?”

“व्हय.”

“न्हाई म्हंजी, हितं ड्रिलं मिळत्यात आसं कळलं.”

“कोन म्हनलं?”

“समदीच म्हनत्यात. माल चांगला हाय म्हनं.”

“माल न्हाई. म्या इकत न्हाई.”

गेणूनं समजूतदारपणे मान हलवली. “बराबर हाय. पयल्यांदा आलोय म्या. वळख न्हाई, पाळख न्हाई. कशाला सांगताल.”

गंगी दारात नाचणी पाखडत होती. ती म्हणाली, “च्या घ्या आन् जावा. ह्या मानसाला घरातलं खुरपं कुटं ठिवलंय त्ये ठावं नसतंय. ड्रिलं कुटनं ठिवंल?”

“भाव वाडला आसंल तर तसं सांगा, वैनी. आमी न्हाई कुटं म्हनतोय.”

चहा पिऊन, पुढच्या वेळी ओळखीचा माणूस घेऊन येतो असं सांगून गेणू गेला. गंगीनं सूप आपटलं.

“लोकं किती लांबनं येत्यात. इकत आसतास तर निदान घरावर कवलं तरी आली आसती.”

कान्हू हसला नाही. “आपल्या चिंगीला साळंत पोरं ड्रिलचोराची म्हनत्यात,” तो म्हणाला. “आदी मशीनवाल्याची म्हनायची.”

गंगीनं सूप पुन्हा उचललं. अख्ख्या कुरवंड्यात मशीनवर काम करणारा तो एकटा होता. बाकीचे भात लावायचे, दगड फोडायचे, नागफणीच्या कड्यावर आलेल्या पाहुण्यांची सामानं उचलायचे. कान्हूनंही दगड फोडले होते. मशीनवर हात बसला तेव्हा त्याच्या बापानं, सावळाबानं, लोणावळ्यापर्यंत चालत येऊन कारखान्याच्या फाटकातून नुसता आवाज ऐकला होता आणि समाधानानं परत गेला होता.

आमचे इंजिनीअर घैसाससाहेब पुण्याचे. माणूस सरळ. त्यांनी सगळं करून पाहिलं. मशीन हळू चालवून पाहिलं, जोरात चालवून पाहिलं. साबणाचं पाणी घातलं, रॉकेल घातलं. एकदा तर तक्ता मालकांच्या बंगल्यावरच्या फ्रीजमध्ये ठेवून गार करून पाहिला. भोकात काही फरक पडला नाही. मालकांच्या घरी मात्र दही खाल्लेल्या प्रत्येकाचा घसा खाजायला लागला आणि तो प्रयोग बंद करावा लागला.

नवरात्र बसलं तेव्हा साहेबांनी कान्हूला मशीनपाशीच गाठलं.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेल्वेचा माणूस येतोय. हा माल नापास झाला तर भोकांचं काम मालक पिंपरीला देणार.”

“मंग माजं?”

“काम गेलं की तुझंही गेलं. आणि भिमाजीनं ड्रिलांचं मालकांच्या कानावर घातलंय. ते म्हणतात, जाताना तसा शेरा मारूनच पाठवा. मी तुझी बाजू घेतली रे. पण घ्यायला माझ्याकडे बाजू अशी काही नाहीये.”

कान्हूनं मशीनचा दांडा पुसला. “काम गेलं म्हनून जानं आन् चोर म्हनून जानं, ह्ये दोनी येक न्हाई, साहेब.”

“नाही. एक नाही.”

“मंग म्या भोकं पाडतो,” कान्हू म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केलं. त्या दिवशीही मला बराच खडू लागला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. दरवर्षी लोखंडाचा एक तुकडा चौरंगावर ठेवून, त्याला हळदकुंकू वाहून, मालकांसमोर मुहूर्ताचं एक भोक पाडायचं आणि पेढे खायचे. त्या वर्षी मालक म्हणाले, “लोखंडाची काय पूजा करताय? त्यानं आपल्याला कधी त्रास दिला? ज्याचा त्रास आहे त्याची करा.” मग पूजेला फायबरचा तक्ताच बसवायचं ठरलं. बसवायचा तोही मशीनच्या टेबलावर, म्हणजे तक्ता आणि मशीन, दोघांचाही रुसवा निघेल. पण पूजेतली वस्तू लोखंडी पट्ट्यांवर कशी बसवणार? चौरंग मशीनखाली मावेना. तेव्हा भिमाजी म्हणाला, “आमच्या घरचा पाट आनतो.”

हा तो पाट. सागवानी, कडेनं पितळेची फुलं ठोकलेला, लग्नात सासऱ्यानं दिलेला. भिमाजीनं तो धोतरात गुंडाळून आणला. त्याची बायको शालूबाई मागोमाग आली, पूजेसाठी कमी आणि पाटासाठी जास्त. पाट टेबलावर ठेवला, पाटावर तक्ता ठेवला, तक्त्यावर तांदूळ, सुपारी, हळद, कुंकू, झेंडूची फुलं. भिमाजीनं स्वतःच्या हातानं एक नवंकोरं ड्रिल काढून मशीनला लावलं. लावायच्या आधी ते त्यानं दोनदा परत कागदात गुंडाळलं, पण देवाधर्माला त्याची ना नव्हती.

गुरुजींना त्या दिवशी गावातली सगळी गॅरेजं, गिरण्या आणि एक सायकलचं दुकान उरकायचं होतं. त्यांनी मंत्र म्हटले आणि पिशवी उचलली.

“उत्तरपूजेला संध्याकाळी येतो. तोवर मांडलेलं कोणी हलवायचं नाही.”

“अहो, पण मुहूर्ताचं भोक?” मालक म्हणाले. “मला मुंबईची गाडी गाठायचीय.”

“भोक पाडा. हलवू नका,” असं सांगून गुरुजी सायकलच्या दुकानाकडे गेले.

सगळे मशीनकडे बघू लागले. तांदूळ तेवढे बोटानं बाजूला सारले, तेवढं चालतं असं शालूबाई म्हणाली. कान्हूनं चपला काढल्या.

“पाट हाय खाली,” तो घैसाससाहेबांना म्हणाला.

“तक्त्यापुरतंच पाड. बेतानं.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कान्हू डोळ्यांनी भोक पाडत नसे, हातानं पाडायचा. ड्रिल तक्त्यातून खाली पोकळीत निघालं, की दांड्याला एक हिसका बसतो, अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा. तो हिसका आला की थांबायचं. इतकी वर्षं लोखंडात, बेकेलाइटात, फायबरात त्याचा हात त्या हिसक्यावर थांबत आला होता. बेत म्हणजे त्याच्यासाठी हिसका.

ड्रिल शिरलं. पांढरी पूड वर आली. कान्हू हिसक्याची वाट बघत दाबत राहिला. हिसका येईना. पूड संपली आणि तपकिरी, कुरळ्या सालपटांच्या बारीक गुंडाळ्या वर येऊन झेंडूच्या फुलांत जमू लागल्या. छान वास सुटला. मालकांना तो धुपाचा वाटला. त्यांनी हात जोडले.

“ह्यो वास आमच्या घरचा हाय,” शालूबाई म्हणाली.

“कान्हू, थांब,” घैसाससाहेब म्हणाले.

“हिसका न्हाई आला, साहेब.”

आणि तेवढ्यात तो आला. ड्रिल पाटातून खाली निघालं होतं.

भिमाजीनं उत्तरपूजा वगैरे काही पाहिलं नाही. तांदूळ-सुपारीसकट तक्ता उचलून त्यानं माझ्या हातात दिला आणि पाट छातीशी धरला. पाटाच्या बरोबर मधोमध भोक होतं. पाट त्यानं डोळ्यांसमोर धरला तेव्हा त्यातून भिमाजीचा एक डोळा दिसत होता, आणि तो बरा दिसत नव्हता.

“माज्या बानं दिल्याला पाट,” शालूबाई म्हणाली. “जावयाला बसाया दिलता. भोकं पाडाया न्हाई.”

“म्या भरून दीन, वैनी,” कान्हू म्हणाला.

“भोक कशानं भरून देशील?”

“आदी ड्रिलं खाल्ली,” भिमाजी म्हणाला, “आता पाट खाल्ला. मालक, ह्येला आजच्या आज घालवा.”

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. कान्हू अनवाणी, हात जोडून उभा होता. हात त्यानं देवाला जोडलेत, पाटाला जोडलेत की मालकांना, ते समजत नव्हतं. त्याला स्वतःलाही ते समजत असेल असं वाटत नाही.

मी तोवर तक्ता उलटा केला होता. काही हेतूनं नाही. माझ्या हातात तक्ता दिला की मी तो उलटाच करतो आणि दुसरा हात खडूकडे जातो. खडू टेकवला, पण गोल कशाभोवती करायचा ते सापडेना. नखानं चाचपून पाहिलं. नख कुठं अडकलं नाही.

“साहेब,” मी म्हणालो, “ह्या भोकाला मागची बाजू नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे दोन्ही बाजू पुढच्याच आहेत.”

घैसाससाहेबांनी तक्ता माझ्या हातातून ओढून घेतला. खिडकीपाशी नेला. नख फिरवलं, मग चष्मा काढून पुन्हा फिरवलं. नंतर ते एका उपड्या खोक्यावर बसले आणि लहान मुलासारखे हसू लागले.

“लाकडानं धरून ठेवला,” ते म्हणाले. “शेवटच्या थराला जायला जागाच ठेवली नाही. आम्ही फ्रीजमध्ये काय घातला, रॉकेल काय ओतलं. कान्हू, अरे, खाली पाट घालायचा होता.”

“पाट भिमाजीभाऊंचा हाय,” कान्हू म्हणाला.

मालकांची गाडी चुकली. गाडी चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ह्यानंतर वाद सुरू झाला. संध्याकाळी परत आलेल्या गुरुजींचं म्हणणं, हा हळदीचा गुण. भिमाजीचं म्हणणं, पाटाचा. ह्या पाटावर बसून उठलेला कोणी कधी उपाशी गेला नाही. घैसाससाहेब शास्त्राचे, त्यांनी दोघांनाही नाही म्हटलं नाही, प्रयोग लावला. नुसती हळद लावून, पाटाशिवाय भोक पाडलं. झालर आली, फक्त पिवळी आली. मग हळदीशिवाय, नुसत्या पाटावर पाडलं. भोक गुळगुळीत. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले.

“म्हनलं न्हवतं,” भिमाजी म्हणाला. पाटाला भोक पडल्याचं दुःख आता त्याच्या तोंडावर शोधून सापडलं नसतं. दसऱ्याला सकाळी साहेबांनी हौशीराम सुताराकडून एक साधी फळी आणून तिच्यावरही भोक पाडलं. तेही गुळगुळीत आलं. भिमाजी जरा खट्टू झाला. मग म्हणाला, “हौशीराम तरी कुटला? आमच्या कार्ल्याचाच की.”

दसऱ्याचा अख्खा दिवस कान्हू भोकं पाडत होता आणि भिमाजी स्टूल घेऊन मशीनशेजारी बसला होता. मालकांनी हट्टानं पहिले तक्ते पाटावरच करायला सांगितले होते आणि पाटाला डोळ्यांआड करायची भिमाजीची तयारी नव्हती. स्टोअरची खिडकी सोडून तो पहिल्यांदाच बाहेर बसला. सकाळी नवं ड्रिल त्यानंच आपल्या हातानं लावलं.

पहिली भोकं झकास गेली. जेवणाच्या सुट्टीआधी मी एक तक्ता उलटा केला आणि म्हणालो, “झालर आली.”

“माजा पाट आसं करायचा न्हाई,” भिमाजी म्हणाला.

“पाटाचं न्हाई, भाऊ.” कान्हूनं मशीन थांबवून ड्रिल काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. “बगा.”

भिमाजीनं टोकावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग त्यानं स्टुलाखाली पाहिलं, मशीनमागे पाहिलं आणि शेवटी स्वतःचे खिसे चाचपले.

“ह्ये म्याच लावलं सकाळी.”

“व्हय.”

“हितनं हाललो न्हाई म्या.”

“न्हाई हाललासा.”

“कोन आलंबी न्हाई.”

“कोन न्हाई.”

“मंग धार गेली कुटं?”

कान्हूनं टेबलावरची पांढरी पूड चिमटीत घेतली आणि त्याच्या तळहातावर सोडली. “ह्यात.”

भिमाजीनं तळहात उजेडात धरला. मग त्यानं तो नाकाशी नेला, आणि मानेवरून फिरवला, ही त्याची चूक झाली. खाजवत खाजवत तो उठला, स्टोअरमध्ये गेला, आणि ओंजळभर नवी ड्रिलं, तेलकट कागद सोडवून, मशीनवर आणून ठेवली. इतकी ड्रिलं एका वेळी उघडी पडलेली त्या कारखान्यात कोणी पाहिली नव्हती.

“बोथाटलं की बदल,” तो म्हणाला. “बसू नगंस दाबत. माज्या पाटाला बट्टा लागंल.”

दुसऱ्या दिवशी रेल्वेचा तपासनीस आला. त्यानं करंगळीचं नख मुद्दाम वाढवलेलं होतं. एकेका भोकाच्या मागून ते नख फिरायचं, आणि ते फिरत असताना कान्हू श्वास घ्यायचा नाही, त्यामुळे मधूनमधून त्याला बसवावं लागत होतं. नख कुठं अडकलं नाही. तपासनीसानं दोनदा तक्ता पुढून-मागून केला आणि विचारलं, “यातली मागची बाजू कुठली?”

मालकांनी मला जवळ घेतलं. हे वाक्य आधी मी बोललो होतो, असं ते त्याला सांगू लागले.

तपासनीसाला भोक पाडताना बघायचं होतं. पितळी फुलांचा पाट पाहून त्यानं काही विचारलं नाही. सरकारी नोकरीत त्यानं ह्याहून चमत्कारिक गोष्टी पाहिल्या असतील. शेऱ्यात ‘खाली लाकडी आधार’ असं लिहिलं. ‘सागवानी, शालूबाईच्या माहेरचा’ असं लिहावं म्हणून भिमाजी त्याच्या मागं फाटकापर्यंत गेला. माल सगळा पास झाला. पिंपरीचं नाव पुन्हा निघालं नाही. दिवाळीनंतर कान्हू कायम झाला, आणि कारखान्याच्या फाटकातून आवाज ऐकायला सावळाबा पुन्हा एकदा लोणावळ्यापर्यंत चालत येऊन गेला.

पण त्याआधी रविवारी भिमाजी कुरवंड्याला गेला. चढ चढून, टोपी घालून, शालूबाईला बरोबर घेऊन. देवळापुढं लोक जमले होते. तो पारावर उभा राहिला.

“ह्यो कान्हू चोर न्हाई,” तो म्हणाला. “म्या म्हनलोवतो, म्याच मागं घेतो. चोर तक्ता हाय. म्या सोता बसून बगितलं. डोळ्यांम्होरं धार न्हेली त्यानं.”

गर्दीत भाजेचा गेणूही होता. ओळखीचा माणूस घेऊन तो त्याच दिवशी पुन्हा आला होता.

“म्हंजी मिळनारच न्हाईत?” त्यानं विचारलं.

“न्हाईत,” भिमाजी म्हणाला.

गेणूला खरंच वाईट वाटलं. चिंगी पुढं आली आणि म्हणाली, “साळंतबी सांगा.” दुसऱ्या दिवशी भिमाजी रजा काढून शाळेत गेला आणि तेच पुन्हा बोलला. मास्तरांनी ते मुलांकडून शुद्धलेखन म्हणून लिहून घेतलं. दुपारच्या सुट्टीत चिंगी पुन्हा मशीनवाल्याची झाली होती.

थंडी पडल्यावर तक्ते घाटातल्या एका वीजघरात बसले. एका सुट्टीच्या दिवशी कान्हू गंगीला ते दाखवायला घेऊन गेला. मीही होतो. तिथल्या माणसानं दारातून बघू दिलं. आत तक्त्यांची रांग, त्यांवर चकचकीत मीटर, सगळ्यांचे काटे थरथरत होते.

“तुजं कुटलं?” गंगीनं विचारलं.

“समदंच.”

“भोकं कुटं हायती?”

“मीटर बसल्यात की त्यात.”

“आन् त्ये गुळगुळीत? नख फिरवलं म्हनलावतास त्ये?”

“त्ये मागं.”

“मागं भित हाय.”

“व्हय,” कान्हू म्हणाला.

गंगीनं काट्यांकडे पाहिलं. मग बाहेर आली, वीजघराला वळसा घालून मागच्या अंगाला गेली. तिथं गवत वाढलं होतं. तिनं पदर खोचला, गवत तुडवत भिंतीपाशी गेली आणि चुन्यावर तळहात ठेवला.

“हितं आसंल न्हवं?”

कान्हूनं अंदाज घेतला. “जरा डावीकडं.”

तिनं हात डावीकडं सरकवला. खालून एक मालगाडी चढत होती. ती पूर्ण वर जाईपर्यंत गंगीनं हात काढला नाही.

सबब, तपासणीच्या टेबलावरील लाल खडूवाल्या अर्जदाराकडून रेल्वेच्या मेहेरबान अधिकाऱ्यांस विनंती करण्यात येते की, सदर वीजघरातील तक्ते वर्षातून एक दिवस, शक्यतो धुके नसताना, मीटर काढून उलटे बसवण्यात यावेत, जेणेकरून श्री. कान्हू सावळा, राहणार कुरवंडे, यांनी पाडलेल्या भोकांची मागची बाजू संबंधितांस पाहता येईल. त्या दिवशी घाटातील सर्व गाड्या बंद ठेवाव्या लागतील, याची अर्जदारास जाणीव आहे. खोळंबलेल्या प्रवाशांस रांगेने आत सोडून प्रत्येकास एकदा नख फिरवू द्यावे. तरी वरीलप्रमाणे मंजुरी देऊन उपकृत करावे, ही विनंती.